कॉलेजची सवलत हातची जाते ती इथे: या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आठ दिवसांत मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यात सेतूसमोर रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर, सगळं एकदमच हवं असतं. त्याच आठवड्यात प्रवेशाचं रजिस्ट्रेशन चालू असतं, सर्व्हर बसलेला असतो आणि बाप पेरणी सोडून तहसीलच्या ओट्यावर बसलेला असतो. यातली बहुतेक घरं सवलतीला पात्र असतात. तरी पैसे बुडतात, कारण कामांचा क्रम चुकतो. जात वैधतेचं काम अकरावीपासून, बँक आणि आधारचं जानेवारीत, उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये, असा हा क्रम आहे. तो पाळला तर जुलैत फक्त फॉर्म भरायचा उरतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक: कॅप सोडून प्रवेश घेणं

इंजिनीअरिंग, फार्मसी, अॅग्रीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना राज्याच्या सीईटी कक्षामार्फत केंद्रीय प्रवेश प्रक्रिया होते. तीच कॅप. फीची जवळपास प्रत्येक सरकारी सवलत या कॅपला बांधलेली आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेतला की सवलत गेली, आणि एका वर्षापुरती नाही, पूर्ण अभ्यासक्रमाची गेली.

परभणी जिल्ह्यातल्या एका मुलीचं उदाहरण बघा. ओबीसी, घरी पाच एकर कोरडवाहू, उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली. दुसऱ्या फेरीत नाव लागलं नाही. त्याच संध्याकाळी एका खासगी कॉलेजच्या माणसाचा वडिलांना फोन आला: ‘‘काका, सीटा संपत आल्यात. उद्या दहा हजार भरा, पोरीची सीट पक्की करून टाकू. स्कॉलरशिपचं नंतर बघू.’’ वडिलांनी कापसाच्या बियाण्यासाठी ठेवलेले पैसे भरले. प्रवेश झाला, पण संस्थास्तरावर. दिवाळीत महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म भरायला बसल्यावर कळलं की कॅपचं अलॉटमेंट लेटरच नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शंभर टक्के शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. तिच्याच बाकावर बसणारी मैत्रीण तिसऱ्या फेरीत त्याच शाखेला आली, तिला शिक्षण फी शून्य. हिला वर्षाला ऐंशी हजार, चार वर्षांचे तीन लाख वीस हजार. एक फेरी थांबायची तयारी नव्हती, एवढंच कारण.

‘नंतर बघू’ असं जो म्हणतो त्याला एकच विचारा: कॅपचं अलॉटमेंट लेटर मिळणार का? नाही म्हणाला की उठून या. पावतीवर काय लिहिलंय, साहेब काय बोलले, याला महाडीबीटीवर किंमत नाही. बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.ला अशी कॅप नसते. तिथे कॉलेज आणि तुकडी अनुदानित आहे की नाही ते आधी विचारून घ्या.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपमधला कॉलेजांचा पसंतीक्रम, भरताना तीन-चार कॉलेजांची नावं टाकून मोकळं होणाऱ्यांचंच नाव फेरीत लागत नाही, आणि मग असे फोन येतात. चाळीस-पन्नास पर्याय भरा. संभाजीनगर आणि नांदेडच्या सरकारी, अनुदानित संस्थांपासून घराजवळच्या खासगी कॉलेजापर्यंत सगळे क्रमाने टाका. मात्र वरचे पर्याय विचार करूनच ठेवा, कारण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत बदलता येत नाही.

इथेच टीएफडब्ल्यूएसची जागा येते. प्रत्येक शाखेत पाच टक्के जास्तीच्या जागा अशा असतात की त्यांची शिक्षण फी पूर्ण माफ असते. अट आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाची, निवड गुणवत्तेवर. या जागेचा चॉईस कोड वेगळा असतो. पोरं साधा कोड वर टाकतात आणि टीएफडब्ल्यूएसचा खाली. साधी जागा आधी मिळते आणि खालचा पर्याय तसाच राहतो. एकाच कॉलेजची एकच शाखा असेल तर टीएफडब्ल्यूएसचा कोड नेहमी वर ठेवा. खुल्या वर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मीच शिक्षण फी मिळते, त्यांनी हे डोळ्यात तेल घालून बघावं. या जागेवरून पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही आणि शिक्षण फी सोडून बाकीची फी भरावी लागते, हेही आधीच धरून चला.

पैसे आले, पण खात्यात नाहीत

ही तक्रार दर फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. हिंगोलीकडच्या एका मुलाला पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचं दिसत होतं, पासबुकात मात्र रुपया नाही. बँकेत तीन चकरा झाल्या, कॉलेजच्या क्लार्कशी भांडण झालं. शेवटी निघालं ते असं: दोन वर्षांपूर्वी मोबाइलच्या दुकानात सिम घेताना त्याने अंगठा दिला होता आणि त्याच अंगठ्यावर एक पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं होतं. पैसे तिथे जाऊन पडले होते.

डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट येणारे, पैसे तुम्ही फॉर्मात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. आधार क्रमांकावर जातात, आणि आधार शेवटी ज्या बँकेशी सीड झालं, म्हणजे पैसे घेण्यासाठी जोडलं गेलं, त्या बँकेत पोचतात. बँकेत केवायसीला आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीडिंग करणं वेगळं. काउंटरवर ‘आधार लिंक आहे’ असं उत्तर मिळतं ते बहुधा केवायसीचं असतं.

मायआधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. तिथे बँकेचं नाव आणि सक्रिय आहे की नाही ते दिसतं. बँक दुसरीच असेल तर आपल्या शाखेत जाऊन डीबीटी सीडिंगचा संमती फॉर्म मागा, त्यावर सही करा, पोच घ्या. चार दिवसांनी पुन्हा स्टेटस बघा आणि तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. हे वर्षातून दोनदा करायचं, जानेवारीत आणि फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी, कारण मधल्या काळात कुठेतरी अंगठा दिला की सीडिंग पुन्हा सरकतं. स्टेटस बघायला ओटीपी लागतो, म्हणून आधारला चालू मोबाइल नंबर आहे का ते त्याच्याही आधी बघा.

दुसरी अडचण जुन्या झिरो बॅलन्स खात्याची. शाळेत असताना अपुऱ्या कागदांवर उघडलेलं खातं बऱ्याचदा ‘स्मॉल अकाउंट’ असतं. त्यात वर्षाला एकूण एक लाखापर्यंतच रक्कम जमा होऊ शकते आणि एका वेळी पन्नास हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. सरकारी मदतीला शिल्लकेची ही मर्यादा लागू नाही, पण महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. मुलगा अठरा वर्षांचा झाला की शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करायची आणि खातं साधं बचत खातं झालंय का ते विचारायचं.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली शिक्षण फीची रक्कम कॉलेजची असते. मोटारसायकलच्या हप्त्यात ती गेली की परीक्षेच्या वेळी हॉल तिकीट अडतं. पैसे आले त्याच आठवड्यात कॉलेजात भरून पावती घ्या.

नेट कॅफेवाल्याच्या मोबाइलवर लॉगिन

महाडीबीटीचं लॉगिन, ईमेल, मोबाइल नंबर सगळं कॅफेवाल्याचं, पासवर्डही त्याच्याच वहीत. कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज त्रुटीसाठी परत आला की मेसेज त्याला जातो, तुम्हाला नाही, आणि मुदत निघून जाते. फॉर्म कोणीही भरो, नंबर आपला, ईमेल आपला, पासवर्ड आपल्या वहीत. फॉर्म भरल्यावर दर पंधरा दिवसांनी अर्जाची स्थिती स्वतः बघायची. कुठल्या टेबलावर अडकलाय ते दिसतं, मग त्याच टेबलावर जायचं.

नावातली तफावत एका ओळीत: आधारवर इंग्रजीत बाबुराव ‘यू’ने आणि मार्कमेमोवर ‘डबल ओ’ने असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग बाकी सगळं.

उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. ३१ मार्चला मुदत संपलेला दाखला जुलैत जोडू नका.

जात वैधता: बारावी झाल्यावर नाही

वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे गेला पाहिजे. आपल्याकडे याला जास्त वेळ लागतो, त्याला कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या काळातल्या शाळेच्या आणि महसुलाच्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत आहेत. त्या शोधायच्या, नक्कल काढायची, भाषांतर करून घ्यायचं, यात महिने जातात. पुरावा कुठल्या तारखेआधीचा लागतो हेही प्रवर्गागणिक बदलतं: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, भटक्या विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा सर्वात कामाचा. वडील, काका किंवा चुलतभावाला आधीच वैधता मिळालेली असेल तर ती, वंशावळ आणि शपथपत्र जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. महिन्याभरात वैधता काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या दारात जाऊ नका.

फी माफ झाली म्हणजे खर्च संपला, हा समज

पुण्यात खोली आणि मेस मिळून वर्षाचा जो खर्च येतो तो पुष्कळदा कॉलेजच्या फीपेक्षा जास्त असतो. फी माफ होतेय म्हणून पुण्याचं खासगी कॉलेज घेणाऱ्यांनी कागदावर दहा महिन्यांचा हिशेब मांडावा आणि शेजारी घरून ये-जा करता येईल अशा कॉलेजचा मांडावा. मग ठरवावं.

राहण्याच्या खर्चाला सरकारी मदत आहे, पण तिचा फॉर्म वेगळा आणि तारीखही वेगळी. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासाठी वर्षाला साठ हजार मिळतात, लहान शहरांना रक्कम कमी होत जाते. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ही योजना शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहे. वसतिगृहाचा अर्जच न करता थेट स्वाधार मागणारे पुष्कळ असतात आणि तिथेच अडतात. आधी वसतिगृहाचा फॉर्म भरा. आदिवासी मुलांना स्वयं, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, बीड-जालन्यातल्या पालकांनी समाजकल्याण कार्यालयात त्यांची चौकशी करावी. विद्यापीठातली ‘कमवा आणि शिका’ योजनाही विचारा, तिच्या जागा लवकर भरतात.

तांत्रिक डिग्रीच्या पहिल्या वर्षाच्या मुलींनी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती सोडू नये: वर्षाला पन्नास हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. फॉर्म राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतो, महाडीबीटीवर नाही. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालू असेल तर त्याबद्दलची अट आधी वाचा.

दर वर्षी नूतनीकरण करायचं असतं. आपोआप होत नाही.

कर्ज: सावकाराआधी बँक

पहिल्या हप्त्यासाठी सोनं गहाण ठेवून किंवा शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलून फी भरू नका. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘तुमचं गाव आमच्या शाखेत येत नाही’ हे कारण सांगूनही अर्ज नाकारता येत नाही. सात-बारा मागितला किंवा अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. लेखी मागितल्यावर उत्तर पुष्कळदा बदलतं.

व्याजाचा हिशेब सही करण्याआधी करा. वर्षाला एक लाख असे चार हप्ते, व्याज नऊ टक्के सरळ धरलं तर पहिल्या वर्षी नऊ हजार, मग अठरा, सत्तावीस, छत्तीस, आणि कोर्सनंतरच्या सवलतीच्या वर्षाचे आणखी छत्तीस हजार. हप्ते सुरू व्हायच्या आधीच एक लाख सव्वीस हजार व्याज उभं राहतं. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल आणि संस्था नॅक किंवा अभ्यासक्रम एनबीए मानांकित असेल, तर या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. पण उत्पन्नाचा दाखला आणि व्याज अनुदानाचा अर्ज बँकेत द्यावा लागतो. बँक स्वतःहून मागेलच असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याजाची सवलत चालू नसेल तर, व्याजात तीन टक्के सूट आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का ते ऑप्शन फॉर्म भरण्याच्या आधी बघा, नंतर नाही. पहिला हप्ता कॉलेजच्या खात्यात गेला त्या दिवशी व्याज अनुदानाच्या अर्जाची पोच हातात असली पाहिजे. नसेल तर शाखेतून उठू नका.