जुना लॅपटॉप भंगारात टाकताय? थांबा जरा

2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम 22 टक्केच नीट रिसायकल झाल्याची नोंद आहे, आणि इकडे कित्येक पोरांकडे अभ्यासाला साधा कॉम्प्युटर नाहीये. म्हणून सांगतो, विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला म्हणजे लॅपटॉप मेला असं नाही, तो नीट करून अशा एखाद्या पोराला देता येतो. आधी स्वतःचा डेटा कॉपी करून घ्या, मग डिस्क पूर्ण वाइप करा, नुसतं डिलीट करून भागत नाही, फाइल्स परत काढता येतात!! मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाका, फुकट आहे, 4 जीबी रॅमवर बऱ्यापैकी चालतं. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवा, फरक लगेच कळतो. बॅटरी फुगली असेल तर मात्र हात लावू नका, सरळ ई-कचरा सेंटरला द्या.

आता खरी मेख. ज्याला देताय त्याच्याकडे नेट आहे का विचारा, नसेल तर किविक्स नावाचं ॲप टाकून त्यात मराठी विकिपीडिया डाउनलोड करून द्या, ऑफलाइन वाचता येतो. कीबोर्ड मराठी सेट करा, चार्जर द्यायला विसरू नका (लोक विसरतात हो), आणि अडलं तर विचारायला स्वतःचा नंबर द्या.