मालवणच्या खाऱ्या हवेत रुसलेले यूएसबी पोर्ट

गेमिंग लॅपटॉपच्या डावीकडच्या दोन्ही यूएसबी पोर्टमध्ये माउस लागायचा आणि दोन मिनिटांत त्याचं कनेक्शन तुटायचं. उजवीकडे तोच माउस नीट चाले. ड्रायव्हर (पोर्ट चालवणारं सॉफ्टवेअर) बदलले, विंडोज नव्याने टाकलं. आठवडा वाया गेला, फार चीड आली. शेवटी टॉर्च मारला, तर पिनांवर हिरवट थर! घर किनाऱ्यालगत, खारा दमट वारा पिनांतल्या तांब्याला खातोच.

लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवला. हे आधी कराच, नाहीतर शॉर्ट होईल. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ नायलॉन ब्रश बुडवून पिना आतून बाहेर हलक्या हाताने घासल्या, दोनदा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं. तासभर वाळवून बॅटरी जोडली. महिना झाला, माउसचं कनेक्शन एकदाही तुटलं नाही.