हेझल की ग्रे ते नंतर बघू, आधी डोळे तपासा: रंगीत लेन्स कशा घ्यायच्या नि कशा घालायच्या

गेल्या सीझनला मावसबहिणीच्या लग्नात मेकअपवाल्या ताईंनी डबीतून ग्रे लेन्स काढल्या नि म्हणाल्या, लावून देते, चार ब्राइड्सना लावल्यात, कोणाला काही झालं नाही. म्हणजे चार जणींच्या डोळ्यांतून फिरून आलेली लेन्स पाचवीच्या डोळ्यात! बहिणीने चक्क नाही म्हटलं, ताई जरा रुसल्या, रुसू दे. लेन्स कधीच कोणाशी शेअर करायची नाही, सख्ख्या बहिणीशीही नाही.

तर सुरुवात डोळ्यांच्या डॉक्टरकडून. "मला नंबरच नाहीये, मग कशाला?" असं सगळेच विचारतात. पण झिरो पॉवरची लेन्ससुद्धा कॉर्नियावरच (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरच) बसते, आणि प्रत्येकाचा कॉर्निया कमीजास्त गोल असतो. म्हणून बॉक्सवर बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सची गोलाई (साधारण ८.६ वगैरे) आणि डायमीटर, म्हणजे तिची रुंदी (१४.२ मिमीच्या आसपास) लिहिलेलं असतं, ते तुमच्या डोळ्याला जमतं का हे डॉक्टर लेन्स लावून मशीनखाली बघतात. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन थेट हवेतून घेतो, त्यामुळे लेन्स घट्ट बसली की त्याचा श्वासच कोंडतो म्हणा ना. डोळे कोरडे पडत असतील किंवा ॲलर्जी असेल आणि डॉक्टर नको म्हणाले तर हट्ट करू नका. अमेरिकेत तर २००५ पासून नुसत्या शोभेच्या लेन्सलाही प्रिस्क्रिप्शन लागतं.

घेताना सील पॅक बॉक्सच घ्या, त्यावर कंपनीचं नाव, लॉट नंबर, एक्सपायरी हवी, बाहेरून आलेली असेल तर इम्पोर्ट लायसन्स नंबरही. इन्स्टावर किंवा कॉस्मेटिकच्या दुकानात लिपस्टिकशेजारी टांगलेल्या लेन्स स्वस्त दिसल्या तरी सोडून द्या. एकाच फंक्शनसाठी हव्या असतील तर डेली डिस्पोजेबल बेस्ट, घातली, संध्याकाळी काढली, फेकली. मंथलीचा अर्थ तीस वेळा घालायची असा नाही हं, पॅक फोडल्यापासून महिनाभरच. रंगाचं म्हणाल तर आपल्या काळ्या-तपकिरी डोळ्यांना हेझल (हिरवट तपकिरी) किंवा हनी (मधासारखा) शोभतात, निळी लेन्स फोटोत लांबूनच ओळखू येते (माझं मत, भांडू नका).

आता घालायची कशी. हात साबणाने धुवा, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कपड्याने पूर्ण कोरडे करा. नवरी मुलींनो आणि त्यांच्या करवल्यांनो, ताज्या मेंदीला निलगिरीचं तेल लावलेलं असेल किंवा सकाळी हिरव्या मिरच्या चिरल्या असतील तर एकदा हात धुऊन भागत नाही, डोळ्यात अक्षरशः आग होते, त्या दिवशी लेन्स राहूच द्या. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघा, कड वाटीसारखी उभी असेल तर सुलटी, बशीसारखी बाहेर पसरली असेल तर उलटी. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरू करायचं म्हणजे घोळ होत नाही. एका हाताने वरची पापणी धरा, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालची ओढा, लेन्स ठेवा, हळू सोडा, दोन-तीनदा उघडझाप. टोचलं तर काढून लेन्स धुवायच्या सोल्युशनने धुवा, परत लावा. लेन्स आधी, काजळ-मस्कारा नंतर, आणि काढताना लेन्स आधी, मेकअप नंतर. पापणीच्या आतल्या कडेला काजळ शक्यतो नकोच.

पाणी मात्र अजिबात नाही! नळाचं नाही, बिसलेरीचं नाही, आणि थुंकी तर नाहीच नाही (लोक करतात, मी बघितलंय). पाण्यात अकॅन्थामिबा नावाचा जीव असू शकतो, त्याचं इन्फेक्शन फार दुखतं, महिनोन् महिने औषध चालतं, नजरही जाऊ शकते. म्हणून अंघोळ, पोहणं, रंगपंचमी सगळं लेन्स काढून. मंथली असेल तर रोज तळहातावर ताज्या सोल्युशनने चोळून धुवायची, कालचं सोल्युशन फेकून द्यायचं, त्यातच नवं ओतायचं नाही, आणि डबी तीन महिन्यांनी बदलायची. लेन्स घालून झोपू नका, वरात कितीही उशिरा संपो. रात्री गाडीही दुसऱ्याला चालवू द्या, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि लेन्सचा रंगीत भाग मधे येऊन धूसर दिसतं.

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतंय, यातलं एकही झालं तर लेन्स लगेच काढा, परत घालून बघू नका, आणि मेडिकलवाल्याकडून मनाने ड्रॉप्स घेऊ नका, त्यात स्टिरॉइड असेल तर इन्फेक्शन आणखी बिघडतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ती लेन्स नि डबी बरोबर न्या, टाकून देऊ नका, कशाचं इन्फेक्शन आहे हे बघायला डॉक्टरांना ती तपासता येते.