डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेताय? आधी लॉगिनची स्क्रिप्ट काढून ठेवा

बॅकअप घ्या, तो रिस्टोअर होतोय का एकदा बघा, डिस्कवर जागा बघा, हे सगळं तुम्हाला येतं, त्यात वेळ घालवत नाही. मी हे लिहायला बसलोय ते एकाच गोष्टीसाठी, जी मागच्या वेळी मी विसरलो आणि सोमवारी सकाळी एका पतसंस्थेच्या काउंटरसमोर रांग लावून ठेवली. जुन्या एसक्यूएल सर्व्हरवरून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरवरून, लॉगिन स्क्रिप्ट करून ठेवा, म्हणजे तीच लॉगिन पुन्हा बनवणाऱ्या कमांड फाइलमध्ये घेऊन ठेवा. एसआयडीसकट.

डेटाबेसच्या बॅकअपमध्ये लॉगिन येतच नाही हो. लॉगिन, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरायचं खातं, असतं मास्टर नावाच्या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये, तुमच्या डेटाबेसमध्ये असतो तो यूजर, आणि दोघांची गाठ नावाने नाही तर एसआयडी नावाच्या नंबरने बांधलेली असते. मी शहाणपणा करून नव्या सर्व्हरवर हाताने लॉगिन बनवलं, नाव तेच, पासवर्ड तोच, म्हटलं झालं काम. पण सर्व्हरने त्याला नवाकोरा एसआयडी दिला. गावात एका नावाचे चार जण असतात ना, तसं, सर्व्हरच्या लेखी हा माणूसच दुसरा. डेटाबेसमधला जुना यूजर मग अनाथ होतो, त्याला म्हणतातच ऑर्फन यूजर.

तर यादीतलं पहिलं काम, जुना सर्व्हर चालू असतानाच, मायक्रोसॉफ्टची एसपी हेल्प रेव्हलॉगिन (sp_help_revlogin) नावाची प्रोसिजर, म्हणजे तयार कमांडचा संच, आहे ती मास्टरमध्ये तयार करून चालवा. आयती बसवलेली नसते, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्यावी लागते. ती प्रत्येक लॉगिनची क्रिएट लॉगिन कमांड छापून देते, पासवर्डचा हॅश (पासवर्डचं न वाचता येणारं रूप) आणि जुना एसआयडी दोन्ही धरून, म्हणजे कुणी दहा वर्षांपूर्वी ठेवलेला आणि कुणालाच आठवत नसलेला पासवर्डही तसाच येतो. ते आउटपुट फाइलमध्ये ठेवा, आणि फाइल त्याच जुन्या मशीनच्या डेस्कटॉपवर ठेवू नका. हसू नका, ठेवतात लोक. आमचं जुनं मशीन रविवारी संध्याकाळी फॉरमॅट झालं होतं, त्यामुळे परत जाऊन काढायला काही उरलंच नव्हतं.

नव्या सर्व्हरवर आधी डेटाबेस रिस्टोअर, मग ही स्क्रिप्ट, कारण लॉगिनचा डिफॉल्ट डेटाबेस, म्हणजे आत शिरल्यावर आपोआप उघडणारा, तिथे नसेल तर कमांड अडते. विंडोजच्या खात्यांवरून बनलेली विंडोज लॉगिन असतील आणि डोमेन (ऑफिसचं विंडोज नेटवर्क) तेच असेल तर एसआयडी डोमेनकडूनच येतो, लॉगिन नुसतं तयार केलं की झालं.

आता ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी. अॅप म्हणेल डेटाबेस उघडता येत नाही, एरर नंबर ४०६०, सोबत १८४५६, म्हणजे लॉगिन फेल. स्क्रीनवर स्टेट, म्हणजे कारण सांगणारा आकडा, कायम १ दिसते, तिच्या नादी लागू नका, खरी स्टेट सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये बघा: ५ म्हणजे लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला. मग तुम्ही मॅनेजमेंट स्टुडिओत, म्हणजे सर्व्हर सांभाळायच्या प्रोग्रॅममध्ये, लॉगिनला यूजर जोडणाऱ्या यूजर मॅपिंगला टिक कराल आणि एरर १५०२३ येईल, यूजर आधीच आहे. इथे हात आवरा!! मी राइट क्लिक करून यूजर डिलीट केला आणि नवा बनवला, आणि त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं एकेका प्रोसिजरवर दिलेल्या परमिशन गेल्या, मग दुपारी चारपर्यंत हा रिपोर्ट चालत नाही, ते व्हाउचर सेव्ह होत नाही, फोनवर फोन. दुसरा यूजर तर डिलीटच होईना, एरर १५१३८, स्कीमा (टेबलं वगैरे ठेवायचा कप्पा) त्याच्या नावावर होता. खरं तर एक ओळ पुरली असती: ALTER USER यूजरचं नाव WITH LOGIN = लॉगिनचं नाव. परमिशन जागच्या जागी राहतात. जुन्या लेखांत एसपी चेंज यूजर्स लॉगिन सांगतात, ती आता डेप्रिकेटेड आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच वापरू नका म्हणतं, सोडा.

पण ही ओळ म्हणजे ठिगळ आहे. उद्या परत तोच बॅकअप रिस्टोअर केला की जुना एसआयडी परत येणार आणि परत तेच रडगाणं. म्हणून म्हणतोय, लॉगिनची स्क्रिप्ट एसआयडीसकट काढा. जुना सर्व्हर गेलाच असेल तर यूजरचा एसआयडी रिस्टोअर केलेल्या डेटाबेसमध्ये सिस डेटाबेस प्रिन्सिपल्स (sys.database_principals) या यूजरांच्या यादीत सापडतो, तो देऊन लॉगिन बनवता येतं, फक्त पासवर्ड माहीत पाहिजे, हॅश तिथे नसतो.

आणि टेस्ट एसए, म्हणजे सर्व्हरचं मुख्य अॅडमिन लॉगिन, वापरून करू नका, कृपा करून. एसएला सगळी दारं उघडी. शनिवारी रात्री मी एसएनेच टेस्ट केलं, सगळं हिरवं दिसलं आणि निवांत झोपलो. अॅपच्या लॉगिनने, काउंटरच्या मशीनवरून, एक खरी एंट्री करून बघा.

बाकी पटापट. मिक्स्ड मोड, म्हणजे विंडोज लॉगिनबरोबर सर्व्हरची स्वतःची पासवर्डवाली लॉगिनही चालणं, चालू आहे का बघा, बदलला तर सर्व्हिस रीस्टार्ट लागते. डेटाबेसचा ओनर बघा, रिस्टोअर करणाऱ्याच्या नावावर गेलेला असू शकतो. सर्व्हर रोल, म्हणजे लॉगिनला पूर्ण सर्व्हरवर मिळणारे अधिकार, हाताने द्या, ती प्रोसिजर आणत नाही. ठरल्या वेळी आपोआप चालणारे जॉब एमएसडीबी नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात, लिंक्ड सर्व्हर (दुसऱ्या सर्व्हरशी केलेल्या जोडण्या) वेगळे, तेही जुन्यावरूनच स्क्रिप्ट करा. फॉरमॅटवाल्याला महिनाभर थांबायला सांगा. आणि लॉगिनची फाइल स्वतःला मेल केलीत का?