महामार्गाची भौमितिक रचना: वळणावरच्या या चुका टाळा

रस्त्याची आखणी, लांबीतील चढउतार आणि आडवा छेद ही तीन रेखाचित्रे अभियंत्याकडे वेगवेगळ्या पानांवर असतात, आणि प्रत्येक पान सुटे तपासले तर ते बहुधा नियमात बसते. वाहनचालकाला मात्र तिन्ही एकाच क्षणी सामोरी येतात. खाली वर्णन केलेल्या बहुतेक चुका ही पाने एकमेकांशी ताडून न पाहिल्यामुळे होतात. उदाहरणादाखल सपाट प्रदेशातील, ७ मीटर रुंदीचा, ताशी ८० किलोमीटर संकल्पित वेगाचा (म्हणजे ज्या वेगासाठी रस्ता आखला आहे त्याचा) दुपदरी रस्ता घेतला आहे. आकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे जयकर समितीच्या अहवालानंतर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या, मानकांना धरून आहेत.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे सुपरएलिव्हेशनचा, म्हणजे वळणावर बाहेरची कड उचलून दिलेल्या आडव्या उताराचा, हिशेब अर्ध्यावर सोडणे. मिश्र वाहतुकीचा विचार करून, वळणाची बाहेरची कड किती उचलायची हे आधी तीन-चतुर्थांश वेगासाठी काढतात. त्यासाठी ताशी किलोमीटरमधील पूर्ण संकल्पित वेगाच्या वर्गाला २२५ आणि मीटरमधील त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागतात; तीन-चतुर्थांशाचा हिशेब २२५ मध्येच आलेला असतो. त्रिज्या २०० मीटर असेल तर उत्तर १४ टक्क्यांच्या वर जाते. सपाट प्रदेशात कमाल मर्यादा ७ टक्के असल्यामुळे तेथे ७ लिहिले जाते आणि पुढचे वळण हाती घेतले जाते. परंतु वळणावर वाहनाला बाहेर ढकलणाऱ्या बलाचा राहिलेला भार टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर पडतो, आणि पूर्ण वेगासाठी तो तपासला तर घर्षणगुणांक ०.१८ लागतो, जेव्हा संकल्पनासाठी मान्य मर्यादा ०.१५ आहे. याचा अर्थ हे वळण ताशी जेमतेम ७४ किलोमीटरचे आहे. त्रिज्या किमान २३० मीटर करणे हा खरा उपाय आहे. वेगमर्यादेचा फलक स्वस्त पडतो म्हणून तो प्रथम सुचतो. माझ्या मते भूसंपादन खरोखरच अशक्य असेल तरच त्याचा आधार घ्यावा.

पावसाळ्यात वळणाच्या थोडे आधी, रस्त्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागात पाणी साचत असेल आणि दरवर्षी तेथेच डांबराचे ठिगळ लावावे लागत असेल, तर दोष डांबरात शोधू नये. सरळ रस्त्यावर मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण २ टक्के कॅम्बर, म्हणजे पाणी वाहून जाण्यासाठीचा आडवा उतार, असतो. वळणासाठी बाहेरची कड उचलताना तो अर्धा भाग आधी पूर्ण सपाट होतो आणि मगच आतल्या बाजूला कलतो. साडेतीन मीटर रुंदीत २ टक्के म्हणजे ७ सेंटीमीटर. ही उंची १५० ला १ या दराने दिली तर त्याला साडेदहा मीटर लांबी लागते. सपाट होण्याच्या बिंदूपाशी आडवा उतार नसतोच, आणि नेमका तेथेच लांबीतील उतारही शून्य असेल, किंवा खोलगट भागाचा तळ तेथे आला असेल, तर पाण्याला जायला वाट उरत नाही. संकल्पचित्रातच या पट्ट्यात किमान अर्धा टक्का, आणि बाजूचे गटार कच्चे असेल तर एक टक्का लांबीचा उतार राखावा. तयार रस्त्यावर उपाय महाग आहे: वरचा थर खरवडून उतार नव्याने बांधावे लागतात.

दृष्टिअंतराबाबत, म्हणजे चालकाला पुढचा रस्ता किती लांबवर दिसतो याबाबत, फसगत होते ती खोदाईत, म्हणजे उंच जमीन कापून रस्ता नेलेल्या भागात. ताशी ८० किलोमीटरला थांबण्यासाठी १२० मीटर दिसणे आवश्यक असते. त्रिज्या २३० मीटर असेल, तर आतल्या मार्गिकेच्या मध्यापासून सुमारे ७.८ मीटर, म्हणजे डांबरी कडेपासून सहा मीटर, जागा मोकळी हवी. नुसती साइडपट्टी व गटार एवढी रुंदी देत नाहीत, त्यामुळे खोदाईचा उतार मागे सरकवावा लागतो. चालकाची नजर १.२ मीटर उंचीवर आणि समोरचा अडथळा ०.१५ मीटर उंचीचा धरलेला असल्यामुळे, मोकळ्या केलेल्या पट्ट्यात कंबरेएवढे गवत वाढले तरी हिशेब मोडतो.

चढाच्या माथ्यापलीकडे लगेच वळण सुरू करणे ही त्याहून घातक चूक आहे, कारण रात्री चालकाला रस्ता सरळच जात असल्याचा भास होतो. वळणाची सुरुवात माथ्याच्या आधी व्हावी आणि आडवे वळण उभ्या वक्रापेक्षा, म्हणजे माथ्यावरील चढउताराच्या गोलाईपेक्षा, लांब असावे.

आतल्या बाजूची साइडपट्टी वारंवार खचत असेल, तर जादा रुंदी दिली आहे का ते पाहावे, कारण लांब वाहनाची मागची चाके आतून जातात. दुपदरी रस्त्याला ४१ ते ६० मीटर त्रिज्येवर १.२ मीटर आणि १०१ ते ३०० मीटरवर ०.६ मीटर जादा रुंदी लागते. घाटात शिवाय वळणावरील चढ कमी करावा लागतो: ७५ मीटर त्रिज्येवर ६ टक्क्यांचा चढ ५ टक्क्यांवर आणावा.

रचना अचूक असूनही ती देखभालीत बिघडते. नूतनीकरणाचा थर देताना वळणावरही दोन्ही बाजूंना कॅम्बर दिला गेला, तर बाहेरची मार्गिका उलटी कलते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी वळणात दर १० मीटरवर मध्य आणि दोन्ही कडांची पातळी घ्यावी, मूळ संकल्पचित्राशी ताडावी, आणि फरक आढळल्यास आधी पातळी दुरुस्तीचा थर अंदाजपत्रकात धरावा.