सोशल मीडियातली इंटर्नशिप: अर्ज पाठवण्याआधी

ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं सगळ्यात शेवटी जोडा. तसे अर्ज एजन्सीत, म्हणजे इतरांची सोशल मीडिया पेजेस सांभाळणाऱ्या कंपनीत, ढिगाने येतात, आणि कोणाला बोलवायचं हे बहुतेकदा एकाच प्रश्नावर ठरतं: तुम्ही चालवलेलं पेज दाखवा. म्हणून यादीतलं पहिलं आणि सर्वांत वेळखाऊ काम म्हणजे दोन-तीन महिने दुसऱ्या कोणाचं तरी पेज सांभाळणं. ओळखीच्या काकूंची मेस, एखादा क्लास, काहीही चालेल. गल्लीतलं गणेश मंडळ मिळालं तर उत्तमच. आरतीच्या वेळा, वर्गणीदारांचे आभार, रक्तदान शिबिर, मिरवणुकीचा मार्ग, शिवाय रात्री अकरा वाजता अध्यक्षांचा फोन की माझा फोटो जरा मोठा घे. क्लायंट हा प्रकार इथे फुकटात शिकायला मिळतो.

इन्स्टाग्राम पेज हाती आल्या दिवशीच ते प्रोफेशनल अकाउंट करून घ्या, कारण इनसाइट्समधले, म्हणजे पोस्ट कशी चालली ते सांगणारे, आकडे त्यानंतरच्याच पोस्टचे मिळतात. त्यातही बिझनेस प्रकार निवडला तर परवान्यामुळे बरीचशी ट्रेंडिंग गाणी वापरता येत नाहीत; रील्स करायच्या असतील तर हे आधीच माहीत असलेलं बरं. आकड्यांचे स्क्रीनशॉट वेळच्या वेळी काढून ठेवा. फॉलोअर किती वाढले याचं फार कौतुक नको, मंडळाच्या पोरांनी एकमेकांना फॉलो केलं की तो आकडा फुगतो. रीच (पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली), सेव्ह आणि शेअर बघा. मग चार-पाच पोस्ट निवडून प्रत्येकीखाली दोन ओळी लिहा: हे का टाकलं आणि पुढे काय झालं. साफ पडलेली एक पोस्टही ठेवा, मुलाखतीत तिच्यावरच जास्त बोलणं होतं. हे सगळं एका फाइलमध्ये घालून गूगल ड्राइव्हवर ठेवा आणि तिची लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. परवानगी मागणारी लिंक पुन्हा कोणी उघडत नाही.

मराठी येतं ही तुमची जमेची बाजू, पण ती कामात दिसली पाहिजे. मराठी कॅप्शन बऱ्याचदा हिंदीतून ओढूनताणून आणलेली असतात; तशा दोन-तीन घेऊन स्वतः पुन्हा लिहा आणि फाइलमध्ये जोडा. टायपिंग युनिकोडमध्येच हवं, कारण जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर कॅप्शनमध्ये पेस्ट केला की अगम्य चिन्हं उमटतात. मुक्ता आणि बलू हे मुंबईच्या ‘एक टाइप’चे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. पोस्टर बनल्यावर जोडाक्षरं फुटली नाहीत ना, हे मोठं करून तपासा. एका महिन्याचं पोस्टचं कॅलेंडरही तयार ठेवा. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, १ मे हा महाराष्ट्र दिन. यांची अदलाबदल करणाऱ्याला मराठी क्लायंटचं काम कोण देईल?

कॅन्व्हावर डिझाइन, मोबाइलवरचं व्हिडिओ एडिटिंग आणि मेटा बिझनेस सूट या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या टूलमधून पोस्ट शेड्यूल करणं एवढं जमलं की सुरुवातीला पुरे. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर ती जाहिरात असल्याचं ठळक लिहावं लागतं, ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक संस्थेची त्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २०२१पासून आहेत. ती एकदा वाचून जा.

अर्ज करताना त्या एजन्सीच्या एका क्लायंटचं पेज नीट बघा आणि मेलमध्ये एकच नेमकी सूचना लिहा. चाचणी म्हणून एक-दोन पोस्ट मागितल्या तर द्या. वीस मागितल्या तर ते फुकटचं कामच झालं. नम्रपणे नाही म्हणा. स्टायपेंड किती, रविवारी आणि सणाला काम असतं का (असतंच), हे होकाराआधी विचारून लेखी घ्या. आणि रजिस्ट्रेशन फी किंवा डिपॉझिट मागणारा, टेलिग्रामवर बोलावून व्हिडिओ लाइक करायला लावणारा कोणी भेटला तर ती इंटर्नशिप नव्हे. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.