शाईचं चित्र संगणकावर रंगवताना

वाईजवळच्या मेणवली घाटाचं शाईचं चित्र मी पहिल्यांदा रंगवलं, तेव्हा थेट स्कॅनवरच बादलीच्या टूलनं रंग ओतला. रेषेरेषेच्या कडेला पांढरी किनार राहिली. पायऱ्या उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसायला लागल्या.

आता स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये, म्हणजे फक्त काळ्या-राखाडी-पांढऱ्या छटांत करतो. लेव्हल्समधला (गडद-फिकटपणा जुळवायच्या टूलमधला) पांढरा काटा कागदाचा मळकटपणा जाईल इतपतच आत ओढायचा. जास्त ओढला की बारीक रेषा तुटतात. मग फाइल आरजीबीत, म्हणजे रंगीत मोडमध्ये बदलायची, नाहीतर रंग उमटतच नाहीत. रेषांचा लेयर (थर) सगळ्यात वर, त्याचा मिसळण्याचा मोड मल्टिप्लाय. यात पांढरं दिसेनासं होतं, काळं तेवढं उरतं. खालच्या लेयरवरचा रंग रेषेखाली बिनधास्त सरकवा.

सावलीचा लेयर वेगळा, रंगाच्या वर आणि रेषांच्या खाली, तोही मल्टिप्लायच. क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे!) रंग आणि सावली एका ग्रुपमध्ये घेऊन सावलीला ‘इनहेरिट अल्फा’ लावलं की ती रंगाबाहेर सांडत नाही. सावलीला काळा घेऊ नका, चित्र काजळी धरल्यासारखं होतं. फिकट जांभळा घ्या. घाटाचा दगड काळ्या बेसाल्टचा, पण उन्हात पायरीचा माथा चक्क राखाडी-तपकिरी दिसतो. जांभळा फक्त पायरीच्या उभ्या बाजूला.

आणि उजेडाच्या दिशेचा बाण कोपऱ्यात काढून ठेवा, शेवटी पुसा. माझ्या चित्रात घंटेच्या देवळाची सावली नदीकडे पडली होती, शेजारच्या झाडाची वाड्याकडे.